सुटलं, तू घे

माझे हात माझे आहेत की नाहीत, हे विचारायला मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी वकिलाकडे जावं लागलं. वकिलानं करारनामा दोनदा वाचला, चष्मा काढून पुसला आणि सांगितलं की हात तुमचेच आहेत, पण बाही घातलेली असताना त्या हातांनी जे काही केलं ते 'तत्पर'च्या मालकीचं. म्हणजे हात बाईचे, हातवारे कंपनीचे. मी विचारलं, उद्या बाही घालून मी कुणाच्या कानाखाली जाळ काढला, तर ती थप्पड कुणाची? वकील हसला. मला हसू येत नव्हतं.

मी नीलाक्षी उपळेकर, पुण्याची, जपानी-मराठी दुभाषी. माणूस बोलत असतानाच दोन-तीन सेकंदांच्या अंतरानं त्याच्यामागून दुसऱ्या भाषेत बोलत जायचं, हे माझं काम. काचेच्या खोक्यात बसायचं, कानात जपानी आणि तोंडात मराठी, नाहीतर उलट. त्या खोक्याला आम्ही बूथ म्हणतो. तिथं एकटं माणूस अर्ध्या तासापुढं टिकत नाही, डोक्याचा भुगा होतो, म्हणून जोडीनं बसायची पद्धत आहे. एकीनं बोलायचं, दुसरीनं सावध राहायचं, मग अदलाबदल. माझी जोडीदार दिलशाद अत्तार, मिरजेची. आमची जोडी इतकी जुनी की तिची मुलगी मला मावशी म्हणते, आणि माझी आई गेली तेव्हा तिच्या तोंडात शेवटचं पाणी दिलशादनं घातलं.

बूथमध्ये आम्हाला कुणी बघत नाही, तरी हात थांबत नाहीत. शब्द अडला की माझी बोटं कणीक तिंबल्यासारखी हलायला लागतात. दिलशाद टेबलावर तांदूळ निवडल्यासारखी बोटं फिरवते आणि नेमका शब्द उचलते. नवखी पोरं हे बघून हसायची. हसण्यासारखं त्यात काही नाही. फोनवर बोलताना आपण सगळेच हात हलवतो, पलीकडच्याला दिसत नाही हे माहीत असून. जन्मापासून आंधळी असलेली माणसंही हातवारे करतात. कारण हातवारा समोरच्यासाठी असतो हे अर्धंच खरं. उरलेला अर्धा बोलणाऱ्याच्या स्वतःच्या डोक्यासाठी असतो. शब्द सापडण्याच्या क्षणभर आधी हात हललेला असतो. अर्थ आधी हातात येतो, मग तोंडात. एखाद्याचे हात धरून ठेवा आणि बोलायला सांगा, तो अडखळतो.

दुभाष्याच्या हाताला आणखी एक खोड असते. समोरच्या वक्त्यानं केलेला हातवारा तो नकळत उचलतो. वक्त्यानं बोटानं जिना काढला की माझंही बोट वर चढतं. मी ते ठरवून करत नाही आणि करू नको म्हटलं तर थांबतही नाही.

याशिवाय आम्हा दोघींच्या काही खुणा होत्या, त्या मात्र ठरवलेल्या. करंगळी वर केली की आकडा येतोय, लिहून दे. कोपराला कोपर लावलं की दमले, आता तू. आणि तिसरी खूण सगळ्यात महत्त्वाची होती: टेबलावर पालथा असलेला पंजा उताणा करायचा, बस. एकदा एका कारखान्याच्या उद्घाटनात दिलशादला ठसका लागला आणि अख्खं वाक्य गेलं, तेव्हा तिनं पंजा असा उताणा केला होता आणि मला काही न सांगता कळलं होतं. सुटलं माझ्याकडून, तू घे. तेव्हापासून तीच खूण. बूथमध्ये तो पंजा दिसला की घ्यायचं. का सुटलं, कुणाची चूक, हे विचारायचं नाही. श्रोत्यांपर्यंत वाक्य पोचलं पाहिजे.

मग तत्पर आलं. आधीची भाषांतरयंत्रं शब्द ऐकून चालायची. जपानीत आणि मराठीत हो की नाही ते वाक्याच्या शेपटीला कळतं, त्यामुळे यंत्र एकतर ताटकळायचं, नाहीतर अंदाज मारून तोंडघशी पडायचं. तत्परवाल्यांच्या लक्षात आलं की चांगला दुभाषी ताटकळत नाही, कारण त्याच्या हाताला अर्थ आधीच लागलेला असतो. त्यांनी कोपरापासून बोटांपर्यंत येणारी एक बाही केली, बांगड्यांवरूनही चढेल इतकी पातळ. स्नायू हलण्याआधी त्यात विजेची बारीक लहर येते, ती बाहीतले तंतू टिपतात. आम्ही दुभाष्यांनी ती घालून वर्षानुवर्षं काम केलं आणि आमच्या हातांवर ते यंत्र शिकलं. हातातून अर्थ उचलायचा आणि कानातून शब्द, दोन्ही जुळवायचे आणि गुळगुळीत मराठी बाहेर सोडायची.

मला बाही घालायला लावली दिलशादनं. तिच्या घशात गाठी झाल्या होत्या, डॉक्टरांनी बोलणं कमी करा म्हणून बजावलं होतं. जिचं तोंड हाच धंदा, तिला हे सांगणं म्हणजे काय ते मला कळत होतं. तत्परनं तिला बोलावून मोठ्या हुद्द्यावर बसवलं, 'अर्थशुद्धी' विभागाची प्रमुख म्हणून. मला आनंद झाला. तिनं बाही पुढं केली तेव्हा करार न वाचता सही केली. मैत्रिणीनं दिलेला कागद कोण वाचतं?

पुढं सरकारी सुनावण्यांत तत्पर सक्तीचं झालं. कायद्यानं बूथमध्ये एक तरी माणूस हवा, म्हणून मी एकटीच बसायची. पण माझा आवाज बाहेर जायचा बंद झाला. तो यंत्रात जायचा आणि लोकांच्या कानात पडायचा तत्परचा आवाज. सरकारी नोंदही त्याचीच. मी काचेमागं घसा कोरडा करत होते आणि माझं एक अक्षर कुणी ऐकत नव्हतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त त्याचं मानधन मिळत होतं.

गोरख धायतडकचं प्रकरण औद्योगिक सुरक्षा न्यायाधिकरणापुढं आलं ते या दिवसांत. गोरख पाथर्डीकडचा, पंचविशीचा. पुण्याबाहेरच्या एका जपानी मालकीच्या कारखान्यात कामाला होता. तिथं लोखंडी जाळीच्या पिंजऱ्यात एक रोबो पत्र्याचे भाग उचलायचा. भाग अडकला म्हणून गोरख पिंजऱ्यात शिरला आणि रोबोच्या हातानं त्याला जाळीवर चिरडलं. पिंजऱ्याच्या दाराला सेन्सर असतो. दार उघडलं की रोबो जागच्या जागी थांबतो, थांबलाच पाहिजे. तो थांबला नाही, म्हणजे दार उघडलंच नव्हतं, असं कारखान्याचं म्हणणं. म्हणजे गोरख जाळीवरून उडी मारून आत गेला. म्हणजे नियम त्यानं मोडला आणि मेला तो स्वतःच्या आगाऊपणानं.

त्याची मोठी बहीण मनकर्णा दर तारखेला यायची. एसटीत कंडक्टर होती, रजा टाकून खाकी कपड्यातच यायची. पहिल्याच दिवशी ती मला म्हणाली, "ताई, मला दुसरं काय बी नको. माझा भाऊ येडा नव्हता, एवढं कागदावर येऊ द्या. गावात लोक म्हनत्यात, पोरगं माकडावानी जाळीवर चढलं. माझी आई ते ऐकती रोज."

न्यायाधिकरणाचा हॉल म्हणजे एक बंद पडलेलं सिनेमागृह. आमचा बूथ बाजूच्या जुन्या बाल्कनीत, त्यामुळे साक्षीदार मला वरून, कडेनं दिसायचा. खाली बसलेल्यांना मेजाच्या फळीआडचे त्याचे हात दिसत नव्हते. कॅमेराही फक्त चेहऱ्यावर, कारण ऐकलेला शब्द पक्का करायला तत्परला ओठ लागतात.

साक्षीला होते लाइनचे इंजिनिअर ओकुमुरा. साठीला आलेला, वाकून नमस्कार करणारा, थकलेला माणूस. कारखान्याचे वकील खर्शीकर यांनी त्यांची तयारी करून घेतली होती, ते ऐकूनच कळत होतं. उत्तरं इस्त्री केल्यासारखी. मग अध्यक्ष श्रीमती गरुड यांनी मध्येच एक प्रश्न टाकला. दाराचा सेन्सर धुळीनं सारखा अडायचा असं तुम्हीच म्हणालात, मग त्या दिवसांत उत्पादन कमी कसं झालं नाही?

हा प्रश्न तयारीत नव्हता. ओकुमुरांनी खर्शीकरांकडे बघितलं. मग जपानीत म्हणाले, "लाइन थांबू नये म्हणून असं करून चालवत होतो."

असं. आणि मांडीवर त्यांनी डावी मूठ धरली, तिच्यावर उजवा तळवा दाबला आणि अंगठ्यानं कडेकडेनं घासलं, पाकिटावर तिकीट चिकटवावं तसं. माझी मूठ आपोआप वळली होती, माझा अंगठा घासत होता. मी बोलले, "लाइन थांबू नये म्हणून सेन्सरवर काहीतरी दाबून चिकटवून चालवत होतो." यात मी काही जास्तीचं घातलं नव्हतं. एखादा 'एवढा मोठा' म्हणून हात पसरतो तेव्हा आम्ही 'हातभर' म्हणतो. 'असं' हा शब्द पोकळ असतो, त्यात जे असतं ते हातात असतं. ते न सांगणं म्हणजे अर्धं वाक्य गिळणं.

चहाच्या सुट्टीत मनकर्णा माझ्याजवळ आली आणि तिनं विचारलं, योग्य ती व्यवस्था म्हणजे काय केलं त्यांनी? मी म्हटलं, कसली व्यवस्था? तिनं कानातलं यंत्र दाखवलं. खालच्या सगळ्या लोकांनी ऐकलं होतं ते असं: "लाइन थांबू नये म्हणून योग्य ती व्यवस्था करून उत्पादन सुरू ठेवण्यात आलं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तशीच रजिस्ट्रारकडे गेले. त्यांनी शांतपणे सांगितलं की नोंद तत्परची ग्राह्य धरतात, दुभाष्याचा आवाज साठवला जात नाही, आक्षेप असेल तर लेखी द्या. लेखी दिलं. मग दिलशादच्या ऑफिसात जाऊन धडकले.

तिनं मला कँटीनमध्ये नेलं. तिचा आवाज आता फक्त खरखर उरला होता, ऐकायला पुढं वाकावं लागायचं. ती मला नियम समजावून सांगायला लागली. बाहीतून जे येतं त्यातलं शब्दांशी जुळतं तेवढं ठेवायचं, उरलेलं गाळायचं. गाळलेल्याला ते लोक कचरा म्हणतात. वक्ता बोललाच नाही असं काही भाषांतरात येऊ लागलं, तर उद्या कुठलाही दुभाषी मनचं घुसडेल, मग लोकांनी विश्वास कुणावर ठेवायचा, असं तिचं म्हणणं. मुद्दा खोटा नव्हता, म्हणूनच मला जास्त राग आला.

मी म्हटलं, "आणि 'असं' म्हणजे काय मग?"

"असं म्हणजे असं. शब्द तेवढाच आहे, नीलू."

"तू बूथमध्ये असतीस तर काय म्हणाली असतीस?"

तिनं चहाचा कप माझ्याकडे सरकवला. मी विचारलं की माझ्या हाताची कच्ची नोंद अजून आहे का. म्हणाली, असते काही महिने, पण ती कंपनीची, बाहेर देता येत नाही, मी दिली तर माझी नोकरी जाईल आणि वर खटला होईल. या घशाला घेऊन मी दुसरीकडे कुठं जाऊ? मग मी विचारलं, "बघितलीस?"

तिची बोटं टेबलावर तांदूळ निवडायला लागली. म्हणजे बघितली होती. माझी वळलेली मूठ, वरचा तळवा, घासणारा अंगठा, सगळं तिनं बघितलं होतं आणि कचऱ्यात राहू दिलं होतं. मी उभी राहिले आणि म्हणाले, "तुझा घसा गेला तेव्हा मी रडले होते. आता वाटतं, बरं झालं." कँटीनमधली माणसं बघायला लागली. मी निघून आले. ते शब्द मी अजून परत घेतलेले नाहीत.

वकिलाकडे गेले ती त्यानंतर. हात दाखवून अवलक्षण. बाहीतलं काहीही मी स्वतः पुराव्यात मांडलं, तर चोरी धरतील, असं तो म्हणाला. माझ्याच मनगटातून काढलेला माल, आणि चोर मी.

पण माझा लेखी आक्षेप श्रीमती गरुडांनी वाचला होता. त्यांनी तत्परला विचारणा केली: त्या वाक्याच्या वेळी दुभाष्याच्या बाहीत काही अर्थपूर्ण होतं का, जबाबदार अधिकाऱ्यानं येऊन सांगावं. तारीख पडली. तत्परनं दिलशादला पाठवलं. ओकुमुरांनाही हजर राहायला सांगितलं होतं. बूथमध्ये पुन्हा मीच. खर्शीकरांनी हरकत घेतली की तक्रारदारच दुभाषी कसा, यंत्र एकटं पुरेसं आहे. अध्यक्षांनी सांगितलं की कायद्याला माणूस लागतो, दुसरा जपानीचा माणूस आणा. दुभाष्यांच्या पॅनेलवर दुसरा उरला नव्हता. बाकीच्यांनी कधीच धंदा सोडला होता. तत्परला शिकवून मोकळे झालेले लोक.

तर अशी मी वर बाल्कनीत, बाही चढवून, आणि खाली साक्षीदाराच्या खुर्चीत दिलशाद. ती मराठीत बोलणार आणि मी ते जपानीत सांगणार. तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं नाही. गळ्याशी माइक लावून, खरखरत्या आवाजात, एकेक शब्द जपून तिनं सांगितलं, "त्या क्षणी बाहीतून आलेल्या लहरींमध्ये वक्त्याच्या शब्दांशी जुळणारा कोणताही अर्थ आढळला नाही."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. शब्दांशी जुळणारा नव्हताच. वकिलांनी बसून घडवलेलं वाक्य. मी ते जपानीत सांगायला लागले, तोंड आपोआप चालत होतं, आणि माझी नजर सवयीनं तिच्या हातावर गेली. फळीआड, मांडीवर, कुणाला न दिसणारा पंजा पालथा होता.

तिनं तो उताणा केला.

मी वाक्य अर्ध्यात सोडलं. बूथमध्ये गप्प होणं हे आमच्या धंद्यातलं महापाप. ते आम्ही तापातही करत नाही आणि रडतानाही करत नाही. दोन-चार सेकंद खाली कारखान्याची जपानी माणसं कानातल्या यंत्रावर टिचक्या मारत राहिली. दिलशादचा पंजा तसाच होता. सुटलं माझ्याकडून, तू घे. तुझं आहे ते घे, असं नाही म्हणत ती खूण. श्रोत्यांचं आहे ते त्यांना दे, असं म्हणते.

आणि मला तिचा इतका राग आला की कानशिलं तापली. ही खाली बसून सगळं जाणते. हिच्याकडे नोंद आहे, हुद्दा आहे, समोर माइक आहे. आणि हात मात्र माझ्यापुढं पसरते.

पण घ्यायचं म्हणजे कसं? माइकमध्ये बोलले तर तत्पर ते गाळून टाकणार, साक्षीदार असं बोललीच नाही म्हणून. दुभाषी बूथमधून बाहेर येत नाही. स्वतःच्या तोंडानं स्वतःचं बोलत नाही. ते केलं की त्याला पुन्हा कुणी बूथमध्ये बसवत नाही. मला दुसरं काही येत नाही. मी मनकर्णाकडे बघितलं. त्यांचं बघून तीही कानातलं यंत्र हलवून बघत होती, तिला वाटत होतं तिचंही बिघडलंय.

मी बाही कोपरापासून सोलून काढली, खुर्चीवर टाकली आणि बाल्कनीचा जिना उतरून हॉलमध्ये आले. शिपाई आडवा आला. अध्यक्षांनी विचारलं हा काय प्रकार. मी म्हटलं, "बाई, मी दुभाषी आहे. माझं एक वाक्य पोचवायचं राहिलंय, तेवढं पोचवते."

खर्शीकर ओरडायला लागले. अध्यक्षांनी त्यांना बसवलं आणि मला म्हणाल्या, एक वाक्य.

मी पुढच्या मेजाशी बसलेल्या ओकुमुरांसमोर उभी राहिले आणि आधी जपानीत, मग लगेच मराठीत, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "त्या दिवशी तुम्ही म्हणालात, असं करून चालवत होतो. असं म्हणजे कसं?"

ओकुमुरांनी वर बघितलं. मध्ये यंत्राचा आवाज नाही, थेट त्यांच्या भाषेत माणसाचा आवाज त्यांना बऱ्याच दिवसांनी ऐकू आला असावा. खर्शीकरांनी त्यांच्याकडून शब्द पाठ करून घेतले होते, हात पाठ करून घ्यायचं राहिलं होतं. त्यांची डावी मूठ वळली. यावेळी मेजाच्या वर. उजवा तळवा त्यावर आला, दाबला गेला.

खर्शीकर उठले आणि त्यांनी धावत जाऊन ओकुमुरांचे दोन्ही हात आपल्या हातांत घट्ट पकडले.

कोट घातलेला वकील एका म्हाताऱ्या माणसाचे हात धरून उभा आहे, हे तिथल्या प्रत्येकानं बघितलं. सरकारी कॅमेरा ओकुमुरांकडे वळला होता, पण तोही ओठांवरच, आणि ओठ बंद होते.

"हात सोडा त्यांचे," श्रीमती गरुड म्हणाल्या.

खर्शीकरांनी काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. त्यांना ते सांगता येईना, कारण त्यांचेही हात अडकले होते.

"सोडा म्हणते ना मी."

त्यांनी सोडले. ओकुमुरांनी मूठ पुन्हा धरली, तळवा ठेवला, अंगठ्यानं कड घासली, सगळं सावकाश पुरं केलं. मग बोलले. जुन्या दाराचं लोहचुंबक काढून सेन्सरवर चिकटपट्टीनं लावून ठेवलं होतं. दार उघडं असलं तरी रोबोला ते बंदच वाटायचं. पोरांना हे सांगितलेलं नव्हतं. तो पोरगा दारातूनच आत गेला असणार, म्हणाले, तो शिस्तीचा होता. मी वाक्यामागून वाक्य मराठीत सांगत गेले, माइकशिवाय. 'शिस्तीचा होता' म्हटल्यावर मनकर्णानं कानातलं यंत्र काढून बाकावर ठेवलं.

अध्यक्षांनी ती साक्ष स्वतःच्या अक्षरात लिहून घेतली. यथावकाश निकाल लागला: गोरख धायतडक याचा दोष नाही. खर्शीकरांवर चौकशी बसली. माझं नाव पॅनेलवरून काढलं, शिस्तभंग म्हणून, आणि तत्परची नोटीस आली ती वेगळीच. दिलशादला काहीही झालं नाही. तिचं जे वाक्य नोंदीत आहे ते कंपनीला हवं तेच आहे. तिनं हात उताणा केला होता हे नोंदीत कुठंच नाही, कारण हात नोंदीत येत नाहीत. तो नियम तिनंच केलेला. मी बूथ गमावला आणि ती सोमवारी कामावर गेली.

तिचे फोन यायचे, मी उचलत नव्हते. लोक मला म्हणायचे, अगं, तिनंच तर तुला खूण केली. केली ना. तोंड असताना हातानं केली. चुकलं तर माझ्या अंगावर, साधलं तर श्रेय दोघींचं.

मनकर्णा निकालाची प्रत घ्यायला पुण्यात आली तेव्हा घरी आली, आईनं दिलेल्या शेंगा घेऊन. त्या दिवशी दुपारी मी दिलशादला फोन केला आणि ये म्हटलं, एवढंच. ती आली. मनकर्णाला वाटलं माझी कोणी बहीण असेल, तिनं सरकून जागा केली. शेंगा पुढं केल्या.

मी मनकर्णाला सांगितलं की या दिलशाद, त्या दिवशी साक्षीला होत्या त्या. यांना तुला काही सांगायचंय.

दिलशाद माझ्याकडे बघायला लागली. मग मांडीवरचा तिचा उजवा पंजा हळूच उताणा झाला.

मी पुढं होऊन तिचे दोन्ही हात धरले. घट्ट धरले, तिला दुखेल इतके.

"नाही घेणार," म्हटलं. "तोंडानं सांग."

ती अडखळली. तोंड उघडलं, मिटलं. बोटं माझ्या मुठीत तांदूळ निवडू बघत होती, मी ती हलू दिली नाहीत. खूप वेळ नुसती खरखर येत राहिली. मनकर्णा हातातली शेंग तशीच धरून तिच्या तोंडाकडे बघत होती.

"मी बघितलं होतं," दिलशाद म्हणाली. "तुमच्या भावाचं... मी आधीच बघितलं होतं. आणि बोलले नाही."

मग मी तिचे हात सोडले.